‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नोकरी-व्यवसायात यशस्वी होण्यासाठी महाविद्यालयीन पदवी आवश्यक आहे का, या विषयावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस चाललेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचत आहे. पदवीला कागदाचा तुकडा म्हणणारे पत्रलेखक आणि पदवीवाचून तरणोपाय नाही असे बजावणारे पत्रलेखक यांच्यात एका बाबतीत मात्र एकमत दिसते. दोघेही आपला उपदेश अठरा वर्षांच्या मुलामुलींना करतात. शिकावे की सोडावे, धोका पत्करावा की टाळावा, हे त्या वयाच्या माणसाने ठरवायचे आणि ते चुकले तर त्याची फळेही त्यानेच भोगायची, असा हा सगळा मामला आहे. मी बत्तीस वर्षे कर्मचारी-भरतीचे काम केले. अर्ज घेऊन रांगेत उभे राहणाऱ्यांची बाजू मी दुरून पाहिली आणि खिडकीच्या आतली बाजू फार जवळून. माझी तक्रार एवढीच आहे की या चर्चेत खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला कोणीच काही विचारत नाही, आणि पदवी आवश्यक आहे की नाही हे बहुतेक वेळा तोच ठरवत असतो.

आमच्या भरतीच्या जाहिरातीत एक ठरलेली ओळ असे: ‘पात्रता: कोणत्याही शाखेचा पदवीधर’. ही ओळ मी किती वेळा लिहिली याची गणती नाही, आणि तिचा अर्थ काय असा प्रश्न मला पहिली वीस वर्षे पडला नाही. पुलाचा आराखडा तपासण्याच्या जागेसाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मागितली तर त्यामागचे कारण कोणालाही कळते. भार कोठून कोठे कसा वाहिला जातो हे शिकलेला माणूस तेथे हवा. पण ज्या जागेसाठी वनस्पतिशास्त्राचा, इतिहासाचा आणि वाणिज्याचा पदवीधर सारखाच चालतो, त्या जागेवर वनस्पतिशास्त्र, इतिहास किंवा वाणिज्य यांपैकी कशाचाच उपयोग व्हायचा नाही, हे जाहिरात देणाऱ्याने स्वतःच मान्य केलेले असते. मग तो मागतो तरी काय?

अर्थशास्त्रज्ञांनी याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच शोधले आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये सविस्तर मांडलेल्या विचारानुसार शिक्षण ही माणसात केलेली भांडवली गुंतवणूक आहे. शिकलेला माणूस अधिक मोलाचे काम करतो, म्हणून त्याला अधिक वेतन मिळते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये निराळीच शक्यता दाखवली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो बाहेरून दिसणारी एखादी खूण शोधतो. जी खूण मिळवणे कुवत असलेल्याला तुलनेने सोपे आणि नसलेल्याला जड जाते तिच्यावर तो विश्वास ठेवतो, आणि पदवी ही अशी खूण आहे. या मांडणीतली खोच अशी की विद्यार्थी महाविद्यालयात कामाचे काहीही शिकला नाही असे गृहीत धरले तरी खूण आपले काम चोख बजावते. बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये ते इतर दोघांबरोबर विभागून मिळाले, त्यामुळे पारितोषिकाकडे पाहून बाजू ठरवण्याची सोय राहिलेली नाही. बहुधा दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात खऱ्या आहेत. एक निरीक्षण मात्र स्पेन्स यांच्याकडे झुकते. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षागणिक माणसाची कुवत वाढत असेल तर वेतनही त्याच चालीने वाढायला हवे, पण प्रत्यक्षात पदवी हातात पडण्याच्या वर्षी ते एकदम उडी मारते. पूर्वी पदवीपत्रे मेंढीच्या कातड्यावर लिहीत, म्हणून अर्थशास्त्रात याला मेंढीच्या कातड्याचा परिणाम असेच म्हणतात. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ज्ञान एकदम डोक्यात शिरते असे कोणी म्हणणार नाही.

खिडकीच्या आत बसणाऱ्याला हे सिद्धांत वाचावे लागत नाहीत, ते रोज त्याच्या हाताखालून जातात. एका जागेसाठी शेकडो अर्ज, छाननीला दोन माणसे आणि मुदत चार दिवसांची, अशी आमची नेहमीची स्थिती असे. सगळे अर्ज नीट वाचायचे म्हटले तर महिनाही पुरला नसता. पदवीची अट घातली की निम्म्याहून मोठा गठ्ठा न उघडता बाजूला ठेवता येई, आणि पुढे अर्ज संगणकावरून येऊ लागल्यावर तर तो गठ्ठा आमच्या टेबलापर्यंत पोचेनासाच झाला. शिवाय यात भरती करणाऱ्याचे एक संरक्षण असते, ज्याविषयी आमच्या क्षेत्रात मोकळेपणाने कोणी बोलत नाही. पदवीधर नेमला आणि तो कामाचा निघाला नाही तर दोष विद्यापीठाचा. पदवी नसलेला नेमला आणि तो कामाचा निघाला नाही तर दोष माझा. भरती अधिकाऱ्याच्या मनात पदवीला जी किंमत असते तिच्यातला बराच मोठा वाटा या साध्या हिशेबाचा आहे, हे मी कबूल करतो. या सगळ्या सोयीचा खर्च आमच्या खात्यावर कधीच पडला नाही. आमचे चार दिवस वाचावेत म्हणून उमेदवाराने आयुष्याची तीन-चार वर्षे आणि त्याच्या घरच्यांनी साठवलेली पुंजी घातलेली असे. चाळणीचे पैसे दुसराच कोणी देत असल्यावर ती किती बारीक असावी याचा विचार आम्ही कशाला करणार होतो?

एक प्रसंग सांगतो. मी ज्या उद्योगात होतो तेथील भांडारात एक सहायक काम करत. मालाची आवक-जावक, साठ्याच्या नोंदी, पुरवठादारांशी बोलणी, वर्षअखेरची साठा-पडताळणी हे सगळे अकरा वर्षे प्रत्यक्षात तेच पाहत होते. भांडारप्रमुख निवृत्त झाले तेव्हा ती जागा त्यांच्याकडेच जाणार असे सर्वांनी धरून चालले होते. परंतु मधल्या काळात त्या पदाच्या पात्रतेत ‘पदवीधर’ हा शब्द आला होता आणि त्यांचे शिक्षण घरच्या अडचणीमुळे पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुटलेले होते. बाहेरून एक पदवीधर तरुण नेमला गेला. तो हुशार होता, वागायला चांगला होता, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण पहिले सहा महिने तो त्याच सहायकांच्या शेजारी खुर्ची ओढून काम शिकला आणि त्या सहा महिन्यांत शिकणाऱ्याचे वेतन शिकवणाऱ्यापेक्षा जास्त होते. सहायकांनी त्याला काहीही हातचे न राखता शिकवले. मला त्यांनी एकदाच विचारले, “साहेब, या जागेसाठी लागणारे असे मला काय येत नाही, तेवढे सांगा.” नेमणूकपत्रावर सही माझी होती, आणि मी नियमाकडे बोट दाखवले. नंतर अस्वस्थ होऊन मी जुन्या फायली काढल्या व तो शब्द नियमांत कोणी घातला ते पाहिले. कोणीच विचार करून घातला नव्हता. आमची नियमावली दुसऱ्या एका उद्योगाच्या नियमावलीवरून बेतली होती, तिच्याबरोबर तो शब्दही आला होता.

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७१ मध्ये आला होता. ड्यूक पॉवर या वीज कंपनीत मजुरीच्या विभागातून बाहेर पडून बरे काम मिळवायचे तर शालान्त प्रमाणपत्र लागे किंवा ठरावीक चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागत, आणि याचा फटका मुख्यतः कृष्णवर्णीय कामगारांना बसे. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की एखादी अट एका समूहाला असमान रीतीने बाहेर ठेवत असेल, तर ती अट त्या कामाशी संबंधित आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची आहे. निकालातला एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. अट लागू होण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले कर्मचारी त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या, म्हणजे अटीविरुद्धचा पुरावा रोज सकाळी कंपनीच्या फाटकातूनच आत येत होता. हा निकाल भेदभावविरोधी कायद्याखालचा होता आणि शालेय प्रमाणपत्रापुरता होता, त्याची व्याप्ती मी ताणू इच्छित नाही. मात्र अट कामाची आहे हे कोणी सिद्ध करायचे, याविषयी त्याने घेतलेली भूमिका मला आजही योग्य वाटते.

त्यानंतरच्या दशकांत गोष्टी उलट्याच दिशेने गेल्या. काम तेच राहिले आणि त्यासाठी मागितली जाणारी पात्रता चढत गेली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१७ मधील एका अहवालात उत्पादन-पर्यवेक्षकाच्या पदाचे उदाहरण दिले आहे: २०१५ मध्ये या पदाच्या अमेरिकेतील ६७ टक्के जाहिरातींत पदवीची मागणी होती, तर त्या पदावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी केवळ १६ टक्के पदवीधर होते. उरलेले ८४ टक्के लोक स्वतःच्याच जागेसाठी अर्ज करते तर त्यांतील बहुतेकांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता.

आता दुसऱ्या बाजूच्या पत्रलेखकांविषयी. पदवी निरर्थक आहे असे सांगताना बिल गेट्स आणि मार्क झुकेरबर्ग ही नावे हमखास पुढे केली जातात. गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ सोडले हे खरे आहे. पण सोडण्यासाठी आधी तेथे प्रवेश मिळालेला असावा लागतो, आणि शाळेत असतानाच, १९६८ पासून, त्यांना संगणकावर काम करायला मिळत होते, जे त्या काळी फारच थोड्या मुलांच्या वाट्याला येत असे. झुकेरबर्ग यांनी २००४ मध्ये तेच विद्यापीठ सोडले तेव्हा चालू लागलेला व्यवसाय त्यांच्या हातात होता. (पुढे त्याच विद्यापीठाने गेट्स यांना २००७ मध्ये व झुकेरबर्ग यांना २०१७ मध्ये सन्मान्य पदवी दिली आणि दोघांनीही ती समारंभपूर्वक स्वीकारली, हे त्यांचे दाखले देणारे सहसा सांगत नाहीत.) अमेरिकेत महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या दर दहाजणांपैकी साधारण चारजण सहा वर्षांनंतरही पदवीपर्यंत पोचलेले नसतात. त्या चौघांच्या नावावर कंपनी नसते. बऱ्याचदा शैक्षणिक कर्ज असते, आणि ते फेडण्यासाठी लागणारी नोकरी मात्र पदवीच्या अटीपलीकडे असते. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची कहाणी खरी तर त्यांची आहे.

त्याच देशाच्या कामगार सांख्यिकी विभागाचे २०२३ चे आकडे पाहिले तर पदवीधराचे मध्यक साप्ताहिक वेतन केवळ शालान्त शिक्षण झालेल्यापेक्षा सुमारे दोन तृतीयांशांनी अधिक होते, आणि बेरोजगारीचे प्रमाण पदवीधरांत २.२ टक्के तर शालान्त शिक्षितांत ३.९ टक्के होते. हा सगळा फरक पदवीमुळे पडला असे म्हणता येत नाही, कारण पदवीपर्यंत पोचणारे लोक मुळातच निराळ्या परिस्थितीतून आलेले असू शकतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये असे दाखवले होते की नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही जे कमी नामांकित महाविद्यालयात गेले, त्यांचे पुढचे उत्पन्न सर्वसाधारणपणे नामांकित ठिकाणी शिकलेल्यांइतकेच होते. म्हणजे फरक महाविद्यालयाच्या नावात कमी आणि तेथे प्रवेश मिळवू शकणाऱ्या माणसात अधिक होता. अभ्यासकाला ही चिकित्सा करावीच लागते. रांगेत उभ्या असलेल्या मुलीला मात्र फरक कशामुळे पडतो याच्याशी फारसे कर्तव्य नसते. खिडकीवर तो पडतो, एवढे तिला दिसते.

पदवीवाचून मोठी झालेली जी माणसे मला खरोखर विचार करायला लावतात ती दोन आहेत, आणि दोघांच्या बाबतीत माझे लक्ष त्यांच्याइतकेच दार उघडणाऱ्याकडे जाते. मायकेल फॅरडे चौदाव्या वर्षी, १८०५ मध्ये, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकले. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढून, स्वतः बांधून ती डेव्ही यांना पाठवली, आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. श्रीनिवास रामानुजन गणिताव्यतिरिक्तच्या विषयांत नापास होऊन पदवीवाचून राहिले होते व मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत होते, तेव्हा जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी त्या पत्रात स्वतःहून सांगितले होते. त्याआधी इतर दोन गणितज्ञांकडे केलेला त्यांचा प्रयत्न निष्फळ ठरला होता. गणित तेच होते, माणूस तोच होता, वाचणारा बदलला. १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनावर पदवी दिली आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रतिभा असेल तर पदवी लागत नाही, असा निष्कर्ष या गोष्टीवरून काढणारे लोक ते निष्फळ गेलेले प्रयत्न विसरतात. माझ्या बाजूला काढलेल्या गठ्ठ्यांत रामानुजन होते असा माझा दावा नाही. चांगले भांडारप्रमुख नक्की होते.

पदवी सर्वत्र अनावश्यक आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही, आणि याबाबत मी थोडे थांबून लिहितो, कारण येथेच दोन्ही बाजूंची गल्लत होते. अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये जो अहवाल दिला, त्यात प्रयोगशाळा नसलेल्या, रुग्णालयाशी संबंध नसलेल्या, शुल्क भरेल त्याला डॉक्टर करून सोडणाऱ्या शाळांचे वर्णन आहे. पुढच्या अडीच दशकांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक शाळा बंद पडल्या किंवा इतरांत विलीन झाल्या. कडक वैद्यकीय पदवी ही त्या गोंधळावरची उपाययोजना होती आणि ती योग्यच होती. (फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते, हे जाता जाता.) रोग्याला डॉक्टरची परीक्षा घेता येत नाही आणि चुकीची दुरुस्ती होत नाही, अशा कामात आधी कोणीतरी शिकवून तपासलेला माणूसच हवा.

परंतु माणसांचे प्राण ज्यावर अवलंबून आहेत अशी सगळी कामे पदवीवर सोपवलेली नाहीत. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही जो सर्वोच्च परवाना लागतो, त्यासाठी पदवीची अट नाही. १,५०० तासांचे उड्डाण, लेखी व प्रत्यक्ष परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि पुढे ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा चाचण्या अशी व्यवस्था आहे. विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असेल तर ती तासांची अट १,००० वर येते. शिक्षणाला मान आहे, त्याचे मोजमाप आहे, पण दाराला कुलूप नाही. पदवी कशी मागावी याचा याहून समंजस नमुना मी पाहिलेला नाही. जर्मनीतही सुमारे सव्वातीनशे मान्यताप्राप्त व्यवसायांचे शिक्षण आठवड्याचे काही दिवस कामाच्या जागी व काही दिवस व्यवसायशाळेत असे दिले जाते. त्याच्या शेवटी व्यापारी किंवा कारागीर मंडळाची परीक्षा असते, आणि त्यापुढे ‘माइस्टर’ झालेला कारागीर देशाच्या पात्रता-चौकटीत महाविद्यालयीन पदवीच्याच स्तरावर धरला जातो. तेथे पदवी नसलेला माणूस रिकाम्या हाताने खिडकीपाशी येत नाही. त्याच्याजवळ दुसरा कागद असतो आणि आतल्या माणसाला तो वाचता येतो.

पदवीची अट नुसती खोडून टाकली तर काय होते, हेही आता कळू लागले आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये आपल्या अनेक सरकारी पदांवरून ही अट काढली, जानेवारी २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ९२ टक्के पदांवरून काढली, आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी तशाच घोषणा केल्या. त्यानंतर बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट व हार्वर्ड बिझनेस स्कूल यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष नेमणुका तपासल्या, तेव्हा दिसले की अट काढलेल्या पदांची संख्या दहा वर्षांत जवळपास चौपट झाली असली तरी या बदलामुळे पदवी नसलेल्याला संधी मिळाली असे प्रमाण सातशे नेमणुकांत एकही भरत नाही. मला याचे नवल वाटले नाही. जाहिरातीतली ओळ खोडली तरी छाननीला बसलेली दोन माणसे, चार दिवसांची मुदत आणि दोष कोणावर येईल ही भीती, यांतले काहीही बदललेले नसते.

यापेक्षाही एक गंभीर धोका आहे, आणि पदवीला कागदाचा तुकडा म्हणणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला दिसत नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला काहीतरी खूण हवीच असते. पदवीची खूण काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरे काही दिले नाही, तर ती जागा ओळखपाळख घेते. कोणाचा मुलगा, कोणाच्या शिफारशीने आला, बोलण्याची ढब कशी आहे, यावर निवड होऊ लागते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शिकले नाही, ज्यांच्यासाठी शब्द टाकायला कोणी नाही, त्यांना पदवी हे एकच शिफारसपत्र असे आहे की जे कोणापुढे हात न पसरता, परीक्षा देऊन मिळवता येते. ते त्यांच्या हातून काढून घेण्याचा सल्ला ज्यांच्या घरी शिफारसपत्रांची कमतरता नाही अशा लोकांनी द्यावा, हे मला उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे वाटते. माझ्या मुलीने पदवीचे शिक्षण मध्येच सोडण्याची गोष्ट काढली तेव्हा मी, ज्याने आयुष्यात स्वतःच्या पदवीतले रसायनशास्त्र एक दिवसही वापरले नाही, तिला ते पूर्ण करायला लावले. ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणता ना, याचा कामाशी संबंध नसतो?” मी म्हणालो की संबंध नसतो, पण खिडकीत माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असेल. उत्तर प्रामाणिक होते, अभिमान वाटावा असे नव्हते.

म्हणून माझा आग्रह विद्यार्थ्यांनी काय करावे याविषयी नाही. आतल्या माणसाने काय करावे याविषयी आहे. काम करून दाखवायला लावणे हा मार्ग काही नवा नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या निवडविषयक संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कामाच्या नमुन्यावर घेतलेली चाचणी पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात फार वर होती आणि शिक्षणाची वर्षे जवळजवळ तळाशी. नंतरच्या फेरतपासणीत आकडे बरेच खाली आले, तरी कामाचा नमुना आणि सर्वांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत यांचे स्थान वरचेच राहिले. निवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत आम्ही भांडार आणि देयक विभागासाठी असा प्रयोग करून पाहिला. उमेदवाराला मुद्दाम चुका घातलेली बीजके व साठ्याच्या नोंदी देऊन तासाभरात त्या शोधायला सांगत असू. पदवीधर त्यात मागे पडले असे अजिबात झाले नाही, लेखी खुलासा करण्यात तर ते बहुधा पुढेच होते. पण निवडल्या गेलेल्यांत पदवी नसलेली माणसेही होती, आणि त्यांची निवड का केली हे मला वरिष्ठांना कागदावर दाखवता येत होते. माझी भीती त्यामुळे गेली. वेळ अर्थातच जास्त लागला, आणि त्याचा खर्च प्रथमच आमच्या खात्यावर पडला.

दुसरी एक छोटी गोष्ट मी केली. रिक्त जागा भरण्यासाठी विभागप्रमुख जे मागणीपत्रक आमच्याकडे पाठवत, त्यात ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्याच्या शेजारी मी आणखी एक रकाना वाढवला: ‘ही पात्रता नसलेल्या व्यक्तीला या पदावरील कोणते काम करता येणार नाही?’ भांडारातल्या त्या सहायकांचाच प्रश्न होता तो, मी फक्त सरकारी भाषेत लिहिला. काही विभागप्रमुखांनी चोख उत्तरे दिली, आणि तेथे आम्ही पदवीची अट बिनदिक्कत ठेवली. बरेचजण रकाना कोरा ठेवत. एकाने तीन वर्षे सलग एकच शब्द लिहिला: ‘नेहमीप्रमाणे’.

आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला नोकरीविषयक जाहिरातींची पाने असतात. त्यांतल्या ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असे लिहिलेल्या कोणत्याही दहा जाहिराती घेऊन आपल्या एखाद्या वार्ताहराने त्या देणाऱ्यांना वरचा प्रश्न विचारावा आणि जी उत्तरे येतील ती याच सदरात, आहेत तशी छापावीत, अशी माझी विनंती आहे. कोरे राहिलेले रकानेही कोरेच छापावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त भरती अधिकारी